एकसारखी नाडी

माझ्या नणदेच्या नवऱ्याने जेवढ्या माणसांचा घाम पाहिला, तेवढा साऱ्या घाटकोपरात दुसऱ्या कोणी पाहिला नसेल. पाहिला म्हणजे नुसता पाहिला नाही. कपाळावर आधी आला की तळहातावर, गार की ऊन, बसल्यावर किती वेळाने सुकला, हे सगळं त्यांनी विचारून आणि हात लावून तपासलं. पाहुणा आला की लोक आधी पाणी विचारतात. आमचे भावोजी आधी मनगट मागायचे. दारात चप्पल काढायला तुम्ही वाकलात की ते तुमचा हात धरायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट गप्प उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "हे पायऱ्या चढल्याचं नाही. तुम्ही काहीतरी मागायला आलात. बसा, दोन घोट चहा घ्या, मग मागा." आणि दहांतले सात जण खरंच काही ना काही मागायलाच आलेले असायचे, कुणी स्टोव्हची पिन, कुणी गावाला जायला ट्रंक.

हे मी त्यांची आरती ओवाळायला लिहीत नाही. ज्या माणसाने आख्ख्या चाळीच्या नसा बरोबर वाचल्या, त्याने एकाच माणसाच्या चुकीच्या वाचल्या, आणि ते माणूस म्हणजे त्याची बायको, आमच्या वन्सं. वन्संना साखरेचा आजार होता. भावोजींच्या चुकीपायी त्यांचा जीव जाता जाता राहिला. हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर बोलले होते आणि आता कागदावर लिहायलाही मला काही वाटत नाही. पण ती चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती, त्यासाठी आमच्या भावोजींएवढंच शिकलेलं असावं लागतं, म्हणून आधी त्यांचं शिक्षण सांगते.

ते परळला एका मेडिकल कॉलेजात सत्तावीस वर्षं शिपाई होते. म्हणजे कागदावर शिपाई. काम बेडकांचं. तिथे डॉक्टर होणारी मुलं बेडकावर प्रयोग करायची, त्या बेडकांचा हौद सांभाळायचा, टेबलं मांडायची आणि ढोल काळे करायचे. हा ढोल म्हणजे पितळेचा डबाच, चावी दिली की गोल फिरणारा. त्यावर चकचकीत कागद गुंडाळायचा, तो धुरावर फिरवून काजळीने काळा करायचा. मग बेडकाचं काळीज दोऱ्याने एका बारीक काडीला बांधलं की ते उडेल तशी काडी त्या काळ्या कागदावर पांढऱ्या लाटा काढायची. शेवटी कागद लाखेच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. हे सगळं भावोजींनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मी चौथी शिकलेली बाई, पण मला आज कुणी काजळी आणि कागद दिला तर मी ढोल करून दाखवीन. तर पहिल्याच वर्षी त्यांनी पाहिलं की शिकवणाऱ्या साहेबांनी बेडकाच्या मानेतल्या एका नसेला विजेची बारीक टोचणी दिली आणि काळीज थांबलं. रेघ सपाट झाली. टोचणी काढली, पुन्हा लाटा सुरू. त्या दिवशी भावोजींनी डबा खाल्ला नाही. तो कागद त्यांनी साहेबांकडून मागून घेतला, फ्रेम केला आणि देवांच्या शेजारी लावला. वन्संनी महिनाभर अबोला धरला, पण पुढे दसऱ्याला झेंडूचं एक फूल त्या फ्रेमलाही मिळायला लागलं. मी हसले तर वन्सं म्हणाल्या, "असू दे गो, एवढं थांबवतंय आणि चालवतंय, म्हणजे कोणीतरी असेल."

भावोजींचं म्हणणं साधं होतं. अंगात जे जे आपल्याला न विचारता चालतं, म्हणजे काळीज, पोट, आतडी, घाम, तोंडातलं पाणी, डोळ्यातली बाहुली, ते सगळं दोन जावांच्या हातात आहे. एक पळवणारी, एक बसवणारी. पळवणारी पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून निघते, मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत, आणि कण्याच्या दोन्ही अंगांना तिची एकेक माळ असते, गाठी मारलेली. वाघ दिसला, मुकादम दिसला, सासू दिसली की हीच उठते. काळीज जोरात, बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंगावर काटा, पोटातलं काम बंद, रक्त सगळं हातापायांत. बसवणारी मात्र वरून आणि खालून येते, डोक्याच्या तळातून आणि माकडहाडाच्या जरा वरून. तिची सगळ्यात लांब नस मेंदूतून निघते ती मान उतरून काळजाला हात लावते, पोटात जाते, आतड्यांपर्यंत भटकत राहते. तीच ती बेडकाची. ती काळजाला म्हणते हळू, पोटाला म्हणते कर आता काम. दोघी चोवीस तास जाग्या असतात आणि एकमेकींना वरचढ होऊ देत नाहीत. फक्त घामाला एकटीच मालकीण, पळवणारी. म्हणून, भावोजी म्हणायचे, घाम खोटं बोलत नाही, त्याला दुसरी बाजू सांगणारं कोणी नाही. आमचे हे एकदा त्यांना म्हणाले, तुम्ही तर अर्धे डॉक्टर झालात. त्यावर भावोजी जराही न लाजता म्हणाले, "साहेबांचा तो धडा मी सत्तावीस वेळा ऐकलाय. पोरं एकदाच ऐकतात, म्हणून विसरतात."

आमची चाळ डोंगराच्या उतारावर होती. खालच्या रस्त्यापासून बहात्तर पायऱ्या. चाळीत खोल्या बावीस आणि संडास चार, त्यातल्या एकाला कडी नाही. सकाळी रांगेतली माणसं दारावर थापा मारायची. भावोजी रिटायर होऊन घरी बसले आणि आठवड्याभरात त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून पाटी लावली : "आत बसलेल्यास घाई करू नये. घाईने उशीर होतो." आणि रांगेत उभं राहून ते प्रत्येकाला समजावून सांगायचे की थाप पडली की आतल्या माणसाची पळवणारी जागी होते, ती आतड्यांना म्हणते थांबा, दार बंद करा, आणि मग तो माणूस बसतो दुप्पट वेळ. लोक आधी हसले. मग पंधरा दिवस कोणी थाप मारली नाही आणि रांग खरंच लवकर सरकायला लागली. तेव्हापासून चाळीत भावोजींचा शब्द चालायला लागला. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास भांडायचं नाही, हा दुसरा कायदा. भांडण असलं तर जेवणाआधी उरका नाहीतर हात वाळल्यावर सुरू करा, मधे केलंत तर अन्न पोटात दगडासारखं पडून राहील. आमच्या घरी याचा एवढाच उपयोग झाला की मी तोंड उघडलं की आमचे हे ताट मागायचे.

एकदा मात्र त्यांची जिरली. एका शेजारणीच्या कुकरची शिट्टी हरवली. कुकर तेव्हा चाळीत तिघींकडेच होता, त्यामुळे शिट्टी हरवणं म्हणजे दागिना हरवण्यासारखं. भावोजींनी गॅलरीत सहा बायकांना बसवलं, प्रत्येकीला मूठभर कोरडे पोहे चावायला दिले. चोराचं तोंड कोरडं पडतं, त्याला घास गिळवत नाही, हे त्यांचं शास्त्र. पाच जणींनी पोहे गिळले. सहावी, कोपऱ्यातल्या खोलीतली, अंगाने चिमणीएवढी बाई, तिच्या तोंडात पोहे तसेच राहिले आणि डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी शिट्टी तांदळाच्या डब्यात सापडली. त्या बाईचं तोंड कोरडं पडलं होतं ते नवऱ्याच्या भीतीने, तो ऐकेल आणि घरी गेल्यावर मारेल म्हणून. भावोजी तिच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी कोणाचं मनगट धरलं नाही. वन्सं मला म्हणाल्या, "भीती दिसते ह्यांना. कशाची ते कुठे दिसतं?" वन्सं कमी बोलायच्या, पण बोलल्या की ऐकून घ्यावं लागायचं.

आता वन्संच्या साखरेकडे येते. त्या काळी घरी रक्त तपासायची यंत्रं नव्हती. भावोजींनी कॉलेजातून एक जाड काचनळी आणि स्पिरिटचा दिवा आणला होता. दर रविवारी सकाळी नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात वन्संच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. वन्संनी हे स्वयंपाकाच्या ओट्यावर करायला बंदी घातली होती, म्हणून सगळा कारभार गॅलरीत, चाळीच्या देखत. येणारा-जाणारा विचारायचा, आज काय निघालं? भावोजी नळी उजेडात धरून सांगायचे, हिरवं. वन्सं आतून ओरडायच्या, "आता माईक लावा." हिरवं म्हणजे त्यांच्या मते बेतात. पिवळं आलं तर त्या आठवड्यात भात कमी. गोळ्या चालू होत्या, दवाखाना चालू होता. दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. उलट लक्ष फार होतं.

संध्याकाळी गॅलरीत बसून नाडीचा खेळ दाखवायची भावोजींना फार हौस. कोणाचाही हात धरायचे आणि सांगायचे, श्वास आत घ्या, आता सोडा. श्वास घेताना नाडी जरा पळते, सोडताना मंद होते, उभं राहिलं की पुन्हा पळते. तुमचं तुम्हाला बोटाखाली कळतं. ह्या दोघी जावांची खेचाखेच चाललेली असते, ते म्हणायचे. सगळ्यांचं झालं की शेवटी ते वन्संना बोलवायचे. वन्सं हात पुसत बाहेर यायच्या. श्वास घे, सोड, ऊठ, बस. नाडी तसूभर हलायची नाही. जरा जलद, पण एकसारखी. "बघा," भावोजी सगळ्यांना सांगायचे, "घड्याळ आहे घड्याळ. हिला ना राग, ना भीती. मी सत्तावीस वर्षांत अशी नाडी बघितली नाही. लोक हिमालयात जाऊन बसतात तरी असं होत नाही, आणि हिने चुलीपुढे बसून केलं." चाळीतल्या बायका वन्संच्या मनगटाला हात लावून बघायच्या. मी पण लावला होता. वन्सं म्हणायच्या, "झालं का? नाडी ठेवून घ्या, पण आधी दळण आणा." पण हे बोलताना त्या हसायच्या, आणि खेळ चालू झाला की त्या हाक यायच्या आतच उंबऱ्याशी येऊन उभ्या असायच्या, हे मी पाहिलं होतं.

दुसऱ्याही गोष्टी होत्या. मे महिन्यात आम्ही सगळ्या चिंब, आणि वन्संची पावलं कोरडी ठणठणीत, फरशीवर ठसा उठायचा नाही. भावोजी म्हणायचे, शांत माणसाला घाम कशाला येईल. मात्र जेवायला बसल्या की कपाळावरून धारा. माझ्याकडे जेवल्या तर भावोजी म्हणायचे, वहिनी, तुमच्या कालवणाला सलाम, हिला फक्त तुम्हीच घाम फोडता. मी खूश व्हायचे. पण त्या दहीभात खातानाही तसाच घाम यायचा, हे कोणी मनावर घेतलं नाही. शिवाय चार घास झाले की त्या हात आखडता घ्यायच्या, पोट गच्च झालं म्हणायच्या. त्याचा मला राग यायचा. मला वाटायचं माझ्या हातचं आवडत नाही, तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. म्हणजे शहाणपण शिकवायला मी काही मोकळी नाही. मीही चूकच वाचत होते.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सकाळी मी आणि वन्सं खाली बाजारात गेलो, बांगडे घेतले. येताना चाळीसेक पायऱ्या झाल्या आणि वन्सं बसल्या. दम लागला म्हणाल्या. मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांनी ती दिली. पंधरा वर्षांत त्यांनी आपली पिशवी कोणाला घेऊ दिली नव्हती. मी त्यांना धरून हळूहळू वर आणलं, दारात पाटावर बसवलं. तोंड राखेसारखं. भावोजी बाहेर आले, शेजारी बसले आणि नेहमीप्रमाणे मनगट धरलं. मग विचारलं, छातीत दुखतंय? नाही. हात दुखतोय? नाही. त्यांनी कपाळाला, तळव्यांना हात लावला. कोरडे. डोळे उजेडाकडे करून बघितले. मग मला म्हणाले, काळजी करू नका, काळजाचं काही असतं तर पळवणारी उठली असती, घामाने न्हाली असती, नाडी उधळली असती. नाडी तर रोजचीच आहे. ऊन लागलं असेल, पडू दे जरा. ते पाणी आणायला आत गेले. तेवढ्यात मांजर आलं. पिशवी वन्संच्या पायाशीच होती. मांजराने तोंड घालून एक बांगडा ओढला आणि घेऊन गेलं. वन्सं बघत होत्या. हाड म्हणाल्या नाहीत, पाय हलवला नाही, नुसत्या बघत होत्या.

भावोजी पाणी घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, मांजर बांगडा घेऊन गेलं आणि वन्सं बघत बसल्या. मी रिक्षा बोलावते."

ते म्हणाले, "वहिनी, अहो, नाडी एकसारखी आहे."

"नाडी तुमच्याजवळ ठेवा. बाईला मी नेते."

चाळीतल्या दोघांनी वन्संना खुर्चीत बसवून बहात्तर पायऱ्या उतरवलं. भावोजी मागून येत होते, एका हातात पाण्याचा तांब्या तसाच. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि ताबडतोब वन्संना आत नेलं. काळजाला मोठा झटका येऊन गेला होता, पहाटेच कधीतरी. म्हणजे बाजारात गेल्या, बांगडे दाबून बघितले, ते सगळं तसंच. भावोजी तिला म्हणाले, पण मॅडम, दुखलं नाही, घाम नाही, पल्स स्टेडी होता. ती घाईत होती, पण थांबली. म्हणाली, काका, साखर बरीच वर्षं असली की ती नसा खाते, आधी ह्याच, आतल्या. दुखणं वर कळवणाऱ्याही गेल्या आणि घाम आणणाऱ्याही गेल्या. घरातल्या घंटेच्या ताराच तुटल्या तर चोर आला तरी वाजणार कशी? आणखी दोन तास घरी ठेवलं असतं तर मग मी काही करू शकले नसते. भावोजींनी मान हलवली. मी त्यांना तिथेच, बाकावर, बोलायचं ते बोलले. चाळभर लोकांच्या बायकांच्या नाड्या धरत फिरलात आणि स्वतःची बाई मरायला टेकली ती कळली नाही. बोलले ते मागे घेतलं नाही.

दहाव्या दिवशी, वन्सं जरा सावरल्यावर, त्या डॉक्टरणीने पुन्हा यंत्र लावलं आणि त्यांना सांगितलं, खोल श्वास घ्या, हळू सोडा, पुन्हा घ्या. पट्टी लांबलचक बाहेर येत राहिली. ती पट्टी तिने भावोजींच्या हातात दिली. काय बघायचं ते सांगायची गरज नव्हती. सगळ्या लाटा एकसारख्या अंतरावर, श्वास घेताना तेवढ्याच, सोडताना तेवढ्याच. भावोजी ती घेऊन खिडकीशी गेले आणि लाटांमधली अंतरं नखाने मोजली. मग मला म्हणाले, "वहिनी, हे चित्र मी शंभरदा काजळीवर काढलंय. दोन्हीकडच्या नसा तोडल्या की काळीज असंच चालतं. एकसारखं. कोणी विचारणारं नसतं, कोणी थांबवणारं नसतं, आपलं आपण चालत राहतं." मग म्हणाले, "आणि मी ते लोकांना बोलावून दाखवत होतो."

तीन आठवड्यांनी वन्सं घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या द्यायला गेले तर भावोजी खाटेजवळ जमिनीवर बसले होते आणि बायकोला सगळं कबूल करत होते. मी दारातच थांबले. मागे फिरायला हवं होतं, फिरले नाही. ते म्हणत होते, तुझ्या नाडीचं मी उलटं सांगत आलो, ती शांती नव्हती, नसा गेल्या होत्या, पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं. वन्सं आढ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला वर्षभर पायातून चप्पल निसटलेली कळत नव्हती. उठलं की डोळ्यांपुढे काळोख यायचा."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही एवढे खूश होतात. तीस वर्षांत चारचौघांत माझं एवढंच एक चांगलं म्हणालात. ते कुठे मोडू?"

मी भाकऱ्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि परत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला हॉस्पिटलातल्या बाकावर बोलले ते जरा जास्त झालं असं वाटलं. पण सांगितलं नाही कोणाला.

त्यानंतर भावोजींनी चाळीचं खातं बंद केलं. कोणी हात पुढे केला तर नमस्कार करायचे. डॉक्टरणीने सांगितलं होतं की उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, तेव्हा पायांतल्या नळ्या आवळायचं काम पळवणारीचं, ती आता ते करणार नाही, बाई कोसळेल. म्हणून रोज सकाळी भावोजी वन्संच्या पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत पट्टी गुंडाळायचे, मग त्यांना उठवून बसवायचे आणि साठ मोजायचे, पाय खाली सोडून पुन्हा साठ, दाराच्या चौकटीला धरून उभं करून पुन्हा साठ. ते मोजणं मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं, कणीक मळताना. पोट हळू चालतं म्हणून दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने जेवण, घड्याळ लावून. लघवीची भावना कळत नाही म्हणून तीन तासांनी आठवण. उन्हाळ्यात घाम येत नाही म्हणून ओल्या पंच्याने हातपाय पुसणं. जेवताना कपाळावर यायचा तो घामही माझ्या कालवणाचा नव्हता, बिघडलेल्या नसांचाच होता. मी एकदा म्हटलं, भावोजी, दमाल. ते म्हणाले, "हे सगळं आतल्या आत होत होतं, वहिनी, कोणाला न सांगता. मला तर दिसतंय तरी, मी करतोय ते." आणि वन्सं ओरडायच्या, "माझ्या पोटात जाऊन बसलेत हे. जरा बाहेर या आणि पोस्टात जाऊन या." चार वर्षांत ती बाई एकदाही पडली नाही.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी चालू केली ती म्हणजे कौतुक. ते त्यांना येत नव्हतं. बेडकांचं यायचं, माणसाचं नाही. पण रोज एक तरी, ते औषधासारखं ठरवूनच करायचे. पहिल्या दिवशी जेवताना घसा खाकरून म्हणाले, आज भाकरी चांगली गोल झाली. वन्सं म्हणाल्या, "भाकरी शेजारून आली आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगड्याचा रंग चांगला म्हटला, तो बारा वर्षांपूर्वीचा निघाला. मग हळूहळू हात बसला. तू ताक घुसळतेस तसं कोणाला जमत नाही. तुला माणसाचा आवाज एकदा ऐकला की विसर पडत नाही. वन्सं म्हणायच्या पुरे, आणि मग थोड्या वेळाने, मला ऐकू येईल एवढ्याने, काय म्हणालात मगाशी?

वन्सं गेल्या त्या दुपारी गॅलरीत मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसल्या होत्या. भावोजी शेजारी होते. मान जरा कलली, एवढंच. दुखलं नसेलच. भावोजींनी मनगट धरलं नाही. त्यांनी मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, सांडू नये म्हणून, आणि मला हाक मारली.

पुढचे दहा दिवस माणसं येत राहिली. गावची, चाळीतली, कॉलेजातली जुनी. प्रत्येक जण खाली बसला की विचारायचा, कसं झालं हो अचानक? मी मनात म्हणायचे, आता काळीज, आता पळवणारी, आता बसवणारी, संध्याकाळ होईल. पण भावोजींनी नसांचं नाव काढलं नाही. ते एकाला म्हणाले, ती बांगडा नुसता दाबून सांगायची कधी पकडलाय. दुसऱ्याला म्हणाले, माझ्या आईचं शेवटचे सहा महिने हिने केलं, एकदा नाक मुरडलं नाही. तिसऱ्याला म्हणाले, तिला अंधाराची भीती वाटायची, पण मी कामाला असताना तिने ती कोणाला कळू दिली नाही. माणूस बदलला की गोष्ट बदलायची. एकही दोनदा सांगितली नाही. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिले, आणि त्यातल्या निम्म्या मला ठाऊक नव्हत्या. थोडा वेळ बसले ऐकत. मग उठले आणि माझ्या खोलीत जाऊन चहाचं आधण ठेवलं. माणसं अजून पायऱ्या चढत होती.